ग्रेडीबुवांचा विडा

थोर माणसं जाताना उत्तरं बरोबर नेतात आणि प्रश्न मागे ठेवतात. तुझ्या तेराव्याच्या जेवणानंतर आपल्या चुलतभावानं, सेतुरावांनी, उभं राहून, डोळे मिटून हे वाक्य म्हटलं आणि पायसानं जड झालेल्या मंडळींनी माना हलवल्या. अक्का, तू थोर नव्हतीस. तू चिडकी होतीस, रस्समात मिरी जास्त घालायचीस आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला उत्तर द्यायचीस. पण सेतुरावांच्या वाक्याचा दुसरा भाग खरा निघाला, हे मला मुळीच आवडलेलं नाही. प्रश्न तू ठेवून गेली आहेस. तो थट्टेनं विचारलास की मनापासून, तेवढं सांगायचं मात्र राहिलं.

म्हणून हे लिहितो आहे. आपल्या घरातल्या तंजावरी मराठीत लिहिलं तर पुण्याच्या वाचकाला शिलालेख वाचल्यासारखं वाटेल, म्हणून पुस्तकांतून शिकलेल्या मराठीत लिहितो. ही मराठी ऐकून तू नेहमी हसायचीस. आता हसलीस तर फार बरं होईल. निदान हसते आहेस एवढं तरी कळेल.

तुला ठाऊक असलेलीच गोष्ट तुला पुन्हा सांगतो. रघू, तुझा मुलगा, बायकोसह दोहाला. त्यांच्या मुलीला, मैथिलीला, तिथली वाळूची हवा मानवेना, म्हणून दम्याचा पंप आणि पुस्तकांची एक ट्रंक घेऊन ती तुझ्याकडे कुंभकोणमला आली. दिवसा इथल्या शाळेत जायची. मग रघूला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, की अमेरिकेतल्या एका शाळेचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला की तिकडच्या कॉलेजात शिरणं सोपं जातं. अभ्यासक्रमाचं नाव लांब होतं: पाश्चात्त्य जगाचं अभिजात वाङ्मय, इतिहास आणि तत्त्वज्ञान, ख्रिस्ती दृष्टिकोनातून. रघूनं दुसऱ्या स्वल्पविरामापर्यंत वाचलं आणि मुलीचं नाव घातलं.

तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, साडेसहाची. नेमकी दिवा लावायची वेळ. पहिल्या दिवशी मी तुझ्याकडे कॉफीला आलो होतो. खालच्या दुकानात पितळी भांड्यांवर हातोडे पडत होते, तू देवापाशी वात सारत होतीस आणि मैथिली जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर एक गृहस्थ आले. पिकलेली दाढी, गळ्याशी बो, मागे संगमरवरी ग्रीक खांब. ते मान वळवायचे तेव्हा त्यांचा उजवा कान खांबात नाहीसा व्हायचा. मक्याच्या शेतांमधल्या कुठल्याशा गावातल्या घराच्या तळघरात ते बसले होते आणि खांब संगणकानं लावलेले होते. नाव मिस्टर ग्रेडी. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

मैथिलीनं कावरीबावरी होऊन तुझ्याकडे पाहिलं. मी आनंदानं पाहिलं. माध्व वैष्णवांच्या घरात, तिन्हीसांजेला, देवघरापासून चार हातांवर येशूची प्रार्थना! आता रघूला दोहाला फोन जाणार, अशी माझी खात्री होती.

"तो काय म्हणतोय गं?" तू विचारलंस.

"शिकायला बसतोय, तर आमची बुद्धी सरळ ठेव, असं देवाला म्हणताहेत."

"आणि मग?"

"मग ग्रीकांची गोष्ट."

तू वात सोडून आलीस आणि मैथिलीच्या मागे उभी राहिलीस. "आधी नमन, मग निरूपण, मग आख्यान. हे कीर्तनच की रे, बाबू."

"अक्का, तो आपला देव नव्हे."

"तुझा कोणता रे? इतकी वर्षं एकही आणला नाहीस घरी." मग नातीला म्हणालीस, "ऊठ. पाय धुऊन ये. कीर्तनाला टेबलावर बसतात काय? अस्कं खाली घे."

अस्कं म्हणजे सगळं; त्या दिवसापासून लॅपटॉप पाटावर गेला. मैथिली समोर चटईवर, तू मागे भिंतीला टेकून आणि मी दाराशी खुर्चीवर, कारण माझे गुडघे नास्तिक आहेत. मिस्टर ग्रेडींचे ग्रेडीबुवा झाले. त्यांना हे बरेच दिवस ठाऊक नव्हतं.

मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. त्या अभ्यासक्रमातली बहुतेक पुस्तकं मी वाचलेली आहेत, काही तर परीक्षेला नेमलेली नसतानाही. त्यामुळे त्या शाळेचं लॅटिन ब्रीदवाक्य, दर सत्राच्या आरंभी येणारा 'महान संवादात तुमचं स्वागत असो' हा मजकूर आणि ते खांब पाहून मला हसू यायचं. ग्रीक लोक ख्रिस्ताच्या कितीतरी आधी जेवूनखाऊन मोकळे झालेले, आणि हे त्यांच्या पानावर नंतर प्रसाद वाढताहेत, असं मी म्हणायचो. तू म्हणायचीस, "आपण काय करतो? अस्क्या जुन्या गोष्टींत शेवटी आपलाच देव बसलेला दिसतो आपल्याला." तुला उत्तर नको असायचंच. तुझं लक्ष पुन्हा बुवांकडे.

तू त्यांचं मूल्यमापन कीर्तनाच्या हिशेबानं करायचीस. गोविंदपुरमला तू लहानपणापासून कीर्तनं ऐकलेली. तुझ्या मते ग्रेडीबुवांचा पूर्वरंग भक्कम, सिद्धान्त मांडावा तर त्यांनीच. उत्तररंगात मात्र कच्चे. "गोष्ट सांगताना घसा साफ करतात. रडायच्या जागी पाणी पितात." युद्धातून घरी परतायला वर्षानुवर्षं लावणाऱ्या नवऱ्याची कथा झाली तेव्हा तुझा अभिप्राय, "बायकोला विचारलं का कुणी, आता आलास तो कशाला?" मैथिलीनं ते इंग्रजीत तसंच सांगितलं. बुवा बराच वेळ हसले आणि पुढच्या आठवड्यात तोच निबंधाचा विषय दिला. तू मात्र नाराज. बुवांनी आख्यान सांगताना मध्येच हसू नये.

आणि विडा. तो तुझा हट्ट. बुवांचं निरूपण झालं की त्यांना विडा द्यायचा असतो. बुवा तळघरात असोत की समुद्रापलीकडे. तू बाजारातून कोवळी पानं आणायचीस, शिरा काढायचीस, बोटाच्या टोकानं चुना फिरवायचीस, सुपारी ठेवून त्रिकोणी घडी घालायचीस आणि पितळी तबकात ठेवून लॅपटॉपसमोर सरकवायचीस. एकदा ते तबक कॅमेऱ्यात आलं. बुवांनी विचारलं, ते हिरवं काय आहे? मैथिलीनं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यांनी आजवर मला फक्त गृहपाठ दिला आहे." तेव्हापासून वर्ग संपला की ते आपला कॉफीचा मग तुझ्या दिशेनं उचलायचे. दिशा नेहमी चुकायची. तो मग खालच्या भांड्यांच्या दुकानाकडे जायचा.

प्रश्न उरायचा तो विडा खायचा कुणी. बुवांसाठी लावलेला विडा वाळू द्यायचा नाही, हा तुझा नियम. भावोजी गेल्यापासून तू पान सोडलेलं. मैथिली लहान. तू तबक माझ्याकडे सरकवून म्हणालीस, "पोडा, तू खा. तुला कुठला विटाळ." घरातून हाकलण्यासाठी आणि लाड करण्यासाठी तू हा एकच तमिळ शब्द वापरायचीस. अशा रीतीनं एका ख्रिस्ती पंडिताचा मान एका नास्तिकानं माध्वाच्या घरात बसून खाल्ला. तीनही धर्मपीठांना हे कळलं असतं तर निदान या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं असतं.

आता तो प्रश्न.

दुसऱ्या वर्षी बुवा मध्ययुगापाशी आले. त्या काळच्या ख्रिस्ती पंडितांना एक अडचण होती. ग्रीकांमध्ये इतकी शहाणी, सज्जन माणसं झाली. पण ती ख्रिस्ताच्या आधी जन्मली. त्यांना स्वर्ग द्यावा तर नियम मोडतो, नरक द्यावा तर लाज वाटते. मग काही जणांनी तोडगा काढला. त्या भल्या लोकांसाठी कडेला एक जागा. तिथं यातना नाहीत. आणि देवाचं दर्शन होईल अशी आशाही नाही. नुसतं बसायचं, एकमेकांशी बोलायचं.

मैथिलीनं हे तुला सांगितलं तेव्हा तू जपमाळ थांबवलीस. "म्हणजे तिण्णै," म्हणालीस.

तिण्णै म्हणजे घरासमोरचा ओटा. पूर्वी वाटसरू, भांडीवाला, परगावचा माणूस, कुणीही त्यावर टेकायचा. घरात घ्यायचं नाही, पण उन्हातही उभं करायचं नाही. आईवडिलांच्या घराला होता तसा. मला तुझं भाषांतर इतकं चपखल वाटलं की मी ते मान्य केलं नाही.

"स्वर्गाचीही तिण्णै!" मी म्हणालो. "म्हणजे तिथंही सोवळं-ओवळं. आणि तू हसू नकोस, अक्का. तुझ्या मठाचं काय वेगळं आहे? काही जीव मोक्षाचे, काही कायम फेऱ्यात फिरणारे, काही कायमचे अंधारात. तेही आधीच ठरलेलं. यांच्याकडे निदान ओटा तरी आहे. तुमच्याकडे तोही नाही."

"तिसऱ्यांत कोण, हे कुणी जाऊन बघितलंय?"

"तुझ्या पंडितांनी लिहिलंय."

"लिहिणारे तिथं नव्हते गेलेले," तू म्हणालीस आणि जप पुढे सुरू केलास. मैथिलीचे डोळे असे चमकले की मला काळजी वाटली. तिला तिच्या अखेरच्या तोंडी परीक्षेचा विषय मिळाला होता: दोन धर्म, एकच अडचण. तिनं तो पुढच्या वर्गात मांडला. बुवांनी ऐकून घेतलं आणि खांबांच्या मधून थेट तुझ्याकडे पाहत विचारलं, "मग आजींना विचार, त्यांच्या हिशेबात माझी जागा कुठे?"

तू लाजलीस. तुला लाजताना मी त्याआधी कधी पाहिलं असेल, ते आठवत नाही. "विचार करून सांगते म्हणावं," म्हणालीस.

तू खरोखर विचार केलास, हीच पंचाईत झाली. तू मठातल्या विद्वानांना जाऊन विचारलंस, एक परदेशी ख्रिस्ती गृहस्थ आहेत, मनानं निर्मळ, रोज देवाचं नाव घेतात, त्यांना गती काय? विद्वानांनी तुला जे सांगितलं ते तू मला सांगितलं नाहीस. घरी आलीस आणि भात करपवलास. पुढं काही महिने बुवा अधूनमधून विचारायचे, "माझा निकाल लागला का?" आणि तू मैथिलीला म्हणायचीस, "सांग, अजून बसलेय विचार करत." मी तुला डिवचायचो. म्हणायचो, सरळ अंधारात घाल किंवा सरळ मोक्ष दे, इतका घोळ कशाला? तू म्हणायचीस, "तुला काय. तुझ्याकडे जागाच नाहीत वाटायला." हे भांडण तसंच राहिलं. आपली भांडणं सहसा पुरी व्हायची, तू जिंकून.

मग चैत्रातल्या उन्हात तुझ्या छातीत कफ झाला आणि दवाखाना झाला. त्या दुपारी मैथिली शाळेत, रघू विमानात आणि मी तुझ्या पलंगाशी. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तू हातानं मला खाली वाकवलंस. मास्कमधून आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा, पण शब्द स्पष्ट होते. "बाबू, ग्रेडीबुवांना विचार. त्यांच्या त्या तिण्णैवर आमच्यासारख्यांना बसू देतात का."

मी म्हणालो, "काय?"

तू म्हणालीस, "तिण्णै वाईट नसते रे. वारा तिथंच येतो."

मग नर्स आली, मला बाहेर काढलं. त्यानंतर तू बोललीस ती फक्त पाण्याबद्दल.

अक्का, तू थट्टा करायचीस तेव्हा तुझ्या ओठाचा डावा कोपरा खाली जायचा. चेहरा एरवी गंभीर, आवाज सपाट, पण तो कोपरा चुगली करायचा. आईला माहीत होतं, मला माहीत होतं. त्या एका कोपऱ्याच्या भरवशावर मी तुझ्याशी आयुष्यभर बोललो. आणि त्या दुपारी तिथं प्लास्टिक होतं. आत वाफ धरलेली. मी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. दिसलं नाही.

थट्टा असेल, तर तू होतीस तशीच गेलीस आणि माझं काही म्हणणं नाही. मनापासून असेल, तर त्या साडेसहाच्या संध्याकाळींनी तुझ्यात काहीतरी हलवलं आणि ते मला शेजारी बसून दिसलं नाही. किंवा तिसरंच काही असेल. बुवांना आपल्यात जागा मिळत नाही म्हटल्यावर तूच उठून त्यांच्याकडे ओट्यावर बसायला निघालीस, पाहुण्याला एकटं बसवायचं नसतं म्हणून. मी तिन्ही बाजूंनी विचार करतो आणि तिन्ही बाजूंनी ती तूच दिसतेस. मग हातात काहीच राहत नाही.

कावेरीत पाणी नव्हतं. वाळूत खड्डा करून, पंपाचं पाणी आणून तुझ्या अस्थी भिजवल्या. सेतुरावांनी रस्त्याच्या वळणावर तुझा फ्लेक्स लावला. अश्रुपूर्ण श्रद्धांजली, खाली त्यांचं नाव तुझ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत. तुझा फोटो ढगांमध्ये, वरून उजेडाचा झोत आणि दोन्ही बाजूंना पांढरी कबुतरं. छापखान्याकडे तोच साचा होता. तू एखाद्या चर्चच्या काचेवरून उतरल्यासारखी दिसत होतीस.

हेच सेतुराव तेराव्याला ते थोर वाक्य म्हणून झाल्यावर रघूला बाजूला घेऊन बसले. मी तिथंच होतो. मला कमी ऐकू येतं, असा त्यांचा समज आहे.

"सुतकातही ती पोर कानाला हेडफोन लावून त्या वर्गाला बसायची. मी बोललो नाही. अक्कानं मठात जाऊन नाही ते विचारलं, गावभर झालं. तेव्हाही मी बोललो नाही."

"मग आता काय बोलताय, सेतुमामा?" रघू थकून म्हणाला.

"आताही बोलत नाही. पण लग्नाची मुलगी आहे."

"ती अकरावीत आहे."

"तेच म्हणतो."

रघू माझ्याकडे वळला. रडून डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. "मामा, बंद करून टाकू हे. मी न वाचता नाव घातलं. आता आई नाही, तिच्याजवळ बसणार कोण? मी तिला दोहाला नेतो, तिथं कॉमर्स घेईल. तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल. तुम्ही तर पहिल्यापासून हसायचात."

मैथिली दारात उभी होती. हातात रिकामी पत्रावळ. "बाबा, गुरुवारी माझी तोंडी परीक्षा आहे."

"एका परीक्षेनं काय होतं?"

"ती नाही दिली तर दोन्ही वर्षं गेली. मी नुसती ऐकत आले इतके दिवस. आता माझी बोलायची पाळी आहे." मग माझ्याकडे पाहून, आवाज चढवून, "मामाताता, तुम्ही तरी सांगा ना! आज्जी काय म्हणाली असती?"

अक्का, त्या क्षणी सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि तू काय म्हणाली असतीस, हे जगात मला सर्वांत कमी ठाऊक होतं. मला आठवलं ते एवढंच, की गोविंदपुरमला कितीही कंटाळवाणा बुवा असो, शेवटचं मंगळ म्हणून झाल्याशिवाय तू कुणाला जागचं हलू द्यायची नाहीस. निरूपणातून मध्येच उठणं म्हणजे तुझ्या लेखी बुवाच्या तोंडावर दार लावणं. उठू पाहणाऱ्याच्या मांडीला तू चिमटा काढायचीस. तुला त्या बाबतीत लहान-मोठं नव्हतं.

"रघू," मी म्हणालो, "बुवांचं मंगळ झालेलं नाही."

रघूचा हात आपोआप मांडीवर गेला. इतक्या वर्षांनी. सेतुरावांचाही गेला; त्यांनी पटकन उपरणं नीट केल्यासारखं दाखवलं.

"किती वेळ असतं?" रघूनं विचारलं.

"तासभर," मैथिली म्हणाली.

"बसतो मी."

त्याच रात्री मी मैथिलीला तुझं वाक्य सांगितलं, दवाखान्यातलं. जसं होतं तसं, मास्कसकट. ती म्हणाली, "थट्टेत होतं?" मी म्हणालो, "तू सांग." तिलाही सांगता आलं नाही. तिलाही तो कोपरा माहीत होता.

गुरुवारी साडेसहाला पाट मांडला. तुझ्या जागी रघू भिंतीला टेकून बसला. मी दाराशी. बुवांना तू गेल्याचं कळलं होतं; काळा बो लावला होता. त्यांनी प्रार्थना केली, त्यात तुझं नाव घेतलं आणि उच्चारात तुझी एक वेगळीच बाई केली. मग मैथिली बोलली. ग्रीकांवर, मध्ययुगातल्या पंडितांवर, आपल्या आचार्यांवर. मी प्राध्यापक म्हणून सांगतो, मांडणी थोडी विस्कळीत होती, आणि मला असं बोलणं वर्गात कधी ऐकायला मिळालं नाही. शेवटी ती म्हणाली, "माझ्या आजीनं तुमची जागा सांगितली नाही. तिनं मरायच्या आधी तुमच्यासाठी एक प्रश्न ठेवला." आणि तिण्णै म्हणजे काय ते समजावून तो प्रश्न विचारला.

खालचे हातोडे थांबले होते की मलाच ऐकू येईना, सांगता येत नाही.

बुवा म्हणाले, "त्या थट्टा करत होत्या का?"

"आम्हांला माहीत नाही," मैथिली म्हणाली. "तिच्या तोंडावर मास्क होता."

बुवांनी कुठंतरी काहीतरी दाबलं आणि खांब गेले. त्यांच्या मागे कपडे धुण्याचं यंत्र होतं, इस्त्रीचं टेबल आणि दोरीवर मोजे. ते म्हणाले, "मी काय शिकवायचं ते ठरलेलं आहे, मैथिली, आणि मी ते खरं मानतो. पण ते उत्तर मी तुझ्या आजीच्या तोंडावर देऊ शकलो नसतो. मी विचार करून सांगतो." मग घसा साफ करून पाणी प्यायले.

रडायच्या जागी पाणी. तू असतीस तर म्हणाली असतीस.

ती उत्तीर्ण झाली, हे त्यांनी सांगितलं. मग शेवटची प्रार्थना. ती सुरू झाल्यावर रघू हात जोडून उठून उभा राहिला, मंगळाला राहतात तसा. त्याला बहुधा कळलंही नाही. संपल्यावर मला म्हणाला, "मामा, यावर पोट भरतं का?" मी म्हणालो, माझं भरलं. तो मैथिलीला इथं ठेवणार की नेणार, ते अजून ठरलेलं नाही. निदान कॉमर्सचं नाव त्यानं पुन्हा काढलेलं नाही.

मला अजून काही कळलेलं नाही, अक्का. बुवांचा विचार चालू आहे, तुझा थांबला, आणि माझ्याकडे तू म्हणतेस तशा वाटायला जागाच नाहीत. साडेसहाला मी अजूनही तुझ्या दाराशी येऊन बसतो. एवढंच सांगायचं होतं की त्या संध्याकाळी मला आवडायच्या. ते तुला माहीत असेल. माझ्या ओठाचा कोणता कोपरा कुठे जातो, हे तू कधी सांगितलं नाहीस.

त्या गुरुवारी वर्ग मिटल्यावर मैथिलीनं स्वयंपाकघरातून तबक आणलं. विडा तिनं स्वतः लावला होता, पहिल्यांदाच. लॅपटॉपसमोर ठेवला, नमस्कार केला आणि वाळायच्या आत माझ्याकडे सरकवला. मी तो खाल्ला.

चुना फार झाला होता. जीभ भाजली आहे आणि तेव्हापासून कॉफीची चव लागत नाही.